बीएमआय ३८.५ आहे, वजनाच्या ऑपरेशनला इन्शुरन्स मिळेल का? की ४ किलो वाढवू?

पिंपरीकरीण

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचतीये, धागा पहिल्यांदाच काढतीये, तेव्हा काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ४१, उंची १५८ सेमी, वजन ९६ (बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग). शुगर ५ वर्षांपासून आहे, दोन गोळ्या चालू आहेत तरी मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.२ आलं. गुडघ्यांचं तर विचारूच नका, दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, भाजीची पिशवी घेऊन वर येताना मधे एकदा पायरीवर टेकावंच लागतं. घोरणं इतकं वाढलंय की नवरा दोन वर्षं झाली हॉलमधे झोपतो, म्हणतो तू झोपेत मधेच श्वास थांबवतेस आणि मला भीती वाटते. बीपीची गोळी पण आहे. पीसीओडी कॉलेजपासून.

डाएट सगळे करून झाले. डाएटिशियनकडे ८ महिने गेले, दोन वेळा जेवायचं पण केलं, जिमची वर्षाची फी भरून ४ महिने गेले. ९ किलो उतरले होते एकदा, सासूबाईंच्या आजारपणात सगळं बारगळलं आणि ११ परत आले.

आता एका सर्जनना दाखवलं, ते म्हणाले स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग कापून पोट लहान करायचं ऑपरेशन) करून घ्या, शुगरसाठी पण चांगलं. खर्च ट्विन शेअरिंगमधे ४ लाख २० हजार सांगितला. माझी स्वतःची पॉलिसी आहे ५ लाखाची, २ वर्षं ४ महिने झाले. त्यांच्याच हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर गेले तर तिथल्या मुलाने मान वरसुद्धा न करता सांगितलं, "मॅडम, बीएमआय ४० पाहिजे, तुमचा ३८.५ आहे, नाही बसणार." मी म्हटलं डॉक्टर तर गरज आहे म्हणतात, तर म्हणे डॉक्टरांचं वेगळं, कंपनीचं वेगळं.

घरी येऊन हिशोब केला. ४० व्हायला मला ९९.९ किलो पाहिजे. म्हणजे ४ किलो. हसू नका, पण खरंच विचारतीये, ४ किलो वाढवू का? माझ्यासाठी ते एका दिवाळीचं काम आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

गिरगावचा_बाप्या

४ किलो वाढवू का 😂 ताई, हसू नका म्हणालात म्हणून हसत नाही, पण हाच प्रश्न मी पण विचारला होता ३ वर्षांपूर्वी. माझं उलट झालं. जरा वेळ मिळाला की सविस्तर लिहितो, तोवर काहीही वाढवू नका.

टेबलामागून

मी अशाच एका डेस्कवर ८ वर्षं काम करतोय (कुठल्या हॉस्पिटलात ते नाही सांगणार), त्यामुळे त्या मुलाच्या वतीने आधी सॉरी. त्याने तुम्हाला अर्धा नियम सांगितला आणि जी अर्धी बाजू तुमच्या कामाची होती तीच नेमकी गाळली.

नियम असा आहे. आयआरडीएने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०१९ मधे सगळ्या हेल्थ पॉलिसींसाठी एक्सक्लुजनची, म्हणजे काय कव्हर नाही त्याची, भाषा एकसारखी करून टाकली. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तकात एक्सक्लुजनच्या पानावर "कोड एक्सएल ०६" शोधा, ओबेसिटी म्हणून असेल. वाचताना उलटं वाचावं लागतं, म्हणजे "पुढच्या अटी पूर्ण होत नसतील तर पैसे नाहीत" असं लिहिलंय, त्याचा अर्थ अटी पूर्ण झाल्या तर या कलमाखाली नाकारता येत नाही. अटी म्हणजे डॉक्टरांचा सल्ला पाहिजे, सर्जरी मान्य क्लिनिकल प्रोटोकॉलप्रमाणे पाहिजे, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त असून सोबत चारपैकी एक गंभीर आजार. ते चार म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, कोरोनरी हार्ट डिसीज, सिव्हिअर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) आणि कंट्रोलमधे नसलेली टाइप २ शुगर. आणि या ३५ वाल्या गटात अजून एक शेपूट आहे, की ऑपरेशनशिवायचे उपाय करून ते फेल गेलेले पाहिजेत.

आता तुमचं बघा. ३५ साठी तुमच्या उंचीला ८७.४ किलो लागतं, तुम्ही ९६ आहात, म्हणजे तिथे भरपूर जागा आहे. एचबीए१सी ९.२ आणि तेही दोन गोळ्यांवर, हे "अनकंट्रोल्ड" मधे बसवायला चांगला कागद आहे. आणि घोरणं प्लस श्वास थांबणं म्हणजे तुमची स्लीप स्टडी झालेलीच नाहीये असा माझा अंदाज आहे. ती आधी करा. आता घरीच मशीन लावून एका रात्रीत होते. रिपोर्टमधे एएचआय म्हणून आकडा असतो, तासाला किती वेळा श्वास अडकला तो, ३० च्या वर गेला की त्याला सिव्हिअर म्हणतात. नुसतं "पेशंट घोरते" असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर कंपनी त्याला विचारत पण नाही.

गुडघे, बीपी, पीसीओडी यातलं काहीही त्या चार आजारांत नाही. रोज लोक माझ्यासमोर गुडघ्याच्या एक्सरेंची थप्पी ठेवतात, मला सांगायला जीवावर येतं, पण पायरीवर बसावं लागतं म्हणून मंजुरी येत नाही. फाईलमधे लावा, पण भरवसा त्यावर ठेवू नका.

डॉक्टरांचं वेगळं, कंपनीचं वेगळं हे मात्र तो खरं बोलला. ४० आणि ३५ हे आकडे १९९१ मधे अमेरिकेत ठरले. सर्जन लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मधे ते बदलले, आता ३५ ला कुठलाही आजार नसला तरी चालतं म्हणतात आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार करा म्हणतात कारण आपल्या पोटावर चरबी लवकर साठते आणि शुगर लवकर होते. डॉक्टर या नव्या आकड्यांनी बोलतात, पॉलिसी जुन्या आकड्यांनी. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत, मधल्या मधे पेशंट पिंगपाँगचा चेंडू होतो.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती बीएमआयची नाहीये. तुम्ही लिहिलंय शुगर ५ वर्षांपासून आणि पॉलिसी २ वर्षं ४ महिन्यांची. म्हणजे शुगर आधीची. वेटिंग, म्हणजे आधीच्या आजाराला कव्हर सुरू व्हायला थांबायचा काळ, किती लिहिलंय ते बघा, बहुतेक ३ वर्षं असेल. वरून बऱ्याच पॉलिसींमधे ठरावीक आजार-ऑपरेशनची एक वेगळी यादी असते २ वर्षांच्या वगैरे वेटिंगची, त्यात बॅरिअॅट्रिक (म्हणजे हेच वजनाचं ऑपरेशन) आहे का तेही बघा. पॉलिसीचं पुस्तक घ्या आणि तेवढी दोन पानं इथे लिहा, मग बोलू. आणि फॉर्म भरताना शुगर लिहिली होती ना??

वऱ्हाडी_ठेचा

ताई राग नका मानू पण हे पोट कापून फेकायचं कशाला मी म्हणतो. माझं वजन १०४ होतं, पहाटे ५ ला उठून फुटाळा तलावाला चक्कर मारत गेलो, भात बंद, साखर बंद, २ वर्षांत ८१ वर आलो. इन्शुरन्सवाल्याच्या दारात उभं राहायची गरजच नाही पडली न. मनावर घेतलं की होते सगळं.

कडकलक्ष्मी

आला का "मनावर घ्या" वाला, मी वाटच बघत होते. प्रत्येक धाग्यात एक असतोच.

काका, तुमचं उतरलं, आनंद आहे, मनापासून. पण ताईने लिहिलंय की ९ उतरवले आणि ११ परत आले आणि मधे सासूबाईंचं आजारपण काढलं. त्या काळात पहाटे ५ ला तुमच्या घरी चहा कोण करत होतं ते पण लिहा जरा. आणि प्रश्न इन्शुरन्सचा आहे, फुटाळ्याचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा

चहा बायकोच करे. बरं बाप्पा, चूप बसतो.

गिरगावचा_बाप्या

हं, आता लिहितो माझी कथा.

उंची १७२, वजन १२२, म्हणजे बीएमआय ४१ च्या थोडं पुढे. शुगर नाही, हार्ट ठीक, घोरतो पण टेस्ट केली तर मॉडरेटच निघाली. म्हणजे माझा एकच आधार, ४० च्या वरचा आकडा. पॉलिसी ५ वर्षं जुनी होती, वेटिंगचा प्रश्न नाही. डेस्कवाला म्हणाला सर, तुमची केस एकदम क्लिअर आहे.

आता हे माहीत नसेल तर सांगतो, ऑपरेशनच्या आधी १५ दिवस तुम्हाला लिक्विडवर टाकतात, प्रोटीन पावडर, सूप, ताक, असलंच. कारण लिव्हर सुजलेलं असतं चरबीने, ते आक्रसलं की सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. मी शहाण्या मुलासारखं १५ दिवस पाळलं. बायको बटाटेवडे तळत होती तेव्हा मी गच्चीत जाऊन बसलो, इतकं पाळलं. अॅडमिट झालो तेव्हा सिस्टरने वजन घेतलं, ११६! सगळे खूश. मी पण खूश.

११६ ला बीएमआय येतो ३९.२.

कंपनीने अॅडमिशनच्या कागदावरचा आकडा उचलला आणि कॅशलेस नाकारलं, कारण दिलं एक्सएल ०६ ची अट पूर्ण होत नाही. ऑपरेशन उद्या सकाळी, मी हॉस्पिटलचा गाऊन घालून पलंगावर, आणि मोबाईलवर मेसेज. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून वजन उतरवलं आणि उतरवलं म्हणून पैसे नाहीत. मेव्हण्याकडून उसने घेऊन भरले आणि ऑपरेशन करून घेतलं.

मला तेव्हा वाटलं संपलं सगळं. पण कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही, हे मला डिस्चार्जच्या दिवशी एका दुसऱ्या पेशंटच्या मुलाने सांगितलं. नंतर रीइम्बर्समेंटला फाईल टाकता येते. टाकली, ती पण नाकारली. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, त्यात सर्जनचं पत्र जोडलं की पहिल्या तपासणीला अमुक तारखेला वजन १२२ होतं, उतरलेलं वजन हे उपचाराचाच भाग आहे. त्यांचं उत्तर आलं चार ओळींचं, निर्णय कायम. मग विमा लोकपाल.

तिथे फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही, आपणच बोलायचं. कंपनीचं शेवटचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कंपनी महिनाभर उत्तरच देत नसेल तरी जाता येतं. मुंबईला ऑफिस आहे, पुण्यालाही आहे. माझी सुनावणी व्हिडिओवर झाली, मोजून १५-२० मिनिटं. समोर कंपनीची एक मुलगी होती, बिचारीला फाईल पण नीट माहीत नव्हती. साहेबांनी एवढंच विचारलं की लिक्विड डाएट सुरू कधी केलं आणि त्याच्या आधीचं वजन कुठल्या कागदावर आहे. कागद होता. निकाल माझ्या बाजूने लागला. डिस्चार्जपासून पैसे खात्यात यायला ७ महिने लागले आणि मेव्हण्याचे टोमणे वेगळे.

तेव्हा ताई, वजन वाढवायचं सोडा, आजचं वजन आणि उंची डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारीख-सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. लिक्विड सुरू करायच्या आधी. आणि चप्पल काढून उंची मोजा म्हणावं, माझ्या एका मित्राची बुटासकट मोजली होती आणि त्या २ सेमींनी त्याचा बीएमआय एकाने खाली आला.

टेबलामागून

बाप्या, लाखमोलाचं लिहिलंत. आम्ही आता प्रीऑथमधे (कंपनीकडे आधीच मंजुरी मागायचा अर्ज) दोन्ही वजनं तारखेसकट लिहितो, पहिल्या भेटीचं आणि अॅडमिशनचं. पूर्वी नाही लिहायचो, तुमच्यासारखेच पोळले म्हणून शिकलो.

एक भर घालतो. मे २०२४ च्या आयआरडीएच्या सर्क्युलरमधे आहे की कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या फायनलला तीन तासांत. आणि क्लेम नाकारायचा तर तो कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारायचा नाही, आणि नाकारताना पॉलिसीचं कुठलं कलम ते लिहून द्यायचं. पण प्रत्यक्षात तासाच्या आत क्वेरी येते, म्हणजे अजून कागद मागतात. क्वेरी आली की घड्याळ परत शून्यावर. बॅरिअॅट्रिकला क्वेरी ही येतेच, धरूनच चाला. म्हणून मी सांगतो, हे काही इमर्जन्सी ऑपरेशन नाही, आठवडाभर आधी प्रीऑथ पाठवा, आदल्या रात्री गाऊन घालून नाही.

पिंपरीकरीण

बापरे, एवढे रिप्लाय! सगळ्यांना मनापासून धन्यवाद, ठेचा काका तुम्हाला पण.

पुस्तक सापडलं (कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होतं). एक्सएल ०६ तंतोतंत तुम्ही लिहिलंय तसंच आहे. आधीच्या आजाराचं वेटिंग ३६ महिने. आणि ठरावीक ऑपरेशनच्या यादीत बॅरिअॅट्रिक आहे, २४ महिने. म्हणजे ऑपरेशनचं झालंय, शुगरचं अजून ८ महिने बाकी. फॉर्ममधे शुगर लिहिली होती, एजंट म्हणत होता कशाला लिहिता प्रीमियम वाढेल, पण माझ्या वडिलांच्या वेळी एकदा भोगलंय म्हणून मी हट्टाने लिहायला लावली. वजन तेव्हा ८४ होतं तेच लिहिलंय.

मग आता ८ महिने थांबू का? डॉक्टर म्हणतात शुगर अशीच राहिली तर थांबणं बरं नाही. आणि दुसरं म्हणजे नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात मी आहे पण कधी वापरली नाही, ३ लाखाची आहे म्हणून मी तिला धरलंच नव्हतं.

टेबलामागून

अहो ताई!! ग्रुप पॉलिसी आहे हे आत्ता सांगताय.

बऱ्याच ग्रुप पॉलिसींमधे आधीच्या आजारांचं वेटिंग माफ असतं, पहिल्या दिवसापासून कव्हर. तीच आधी वापरायची. फक्त दोन गोष्टी एचआरकडून मेलवर विचारून घ्या, तोंडी नाही. एक, आधीच्या आजाराचं वेटिंग माफ आहे का. दोन, बॅरिअॅट्रिक कव्हर आहे का आणि असेल तर त्याला वेगळी मर्यादा आहे का, कारण काही कंपन्या स्वस्तात पॉलिसी घ्यायला असल्या ऑपरेशनला कॅप लावतात. जमलं तर रूम रेंटची मर्यादा पण विचारा. मर्यादेच्या वरची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक नाही कापत, त्या प्रमाणात डॉक्टर फी, ओटी चार्ज सगळंच कापतात. ट्विन शेअरिंगच घ्या, डीलक्सच्या टीव्हीवर काय बघणार आहात.

स्वतःची पॉलिसी मात्र अजिबात बंद करू नका. नवऱ्याने नोकरी बदलली की ग्रुप पॉलिसी गेली.

जळगावची_केळी

मी एजंट आहे त्यामुळे माझ्यावर तुटून पडा आधी, मग वाचा.

ताईंनी शुगर लिहायला लावली ते त्यांचं नशीब नाही, तीच त्यांची पॉलिसी आहे. माझ्याकडे असे लोक येतात की ज्यांचं वजन ११० आणि फॉर्मवर ८५, आणि मग वर्षा-दोन वर्षांत बॅरिअॅट्रिक करायचंय म्हणतात. कंपनी पहिला कागद कुठला काढते? तोच फॉर्म. क्लेम तर जातोच, पॉलिसी पण रद्द होऊ शकते. ५ वर्षं सलग झाली की मग फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असं उकरून काढता येत नाही, पूर्वी हे ८ वर्षं होतं, २०२४ ला ५ केलं. पण म्हणून ५ वर्षं खोटं दडवून बसा असं मी सांगत नाहीये, फसवणुकीला मुदत नाही.

आणि कोणी म्हणेल दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा म्हणजे वेटिंग संपेल, तर तसं होत नाही. पोर्ट केलं तर झालेले महिने सोबत येतात, उरलेले उरतातच. शिवाय नवी कंपनी ९६ किलो आणि ९.२ बघून नाही पण म्हणू शकते, तो त्यांचा हक्क आहे.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे सगळं छान असेल असं कोणाला वाटत असेल तर ऐका. माझी पॉलिसी नवऱ्याच्या ऑफिसची, तिची अट होती की डॉक्टरांच्या देखरेखीखाली सलग ६ महिने डाएट, दर महिन्याला भेट आणि प्रत्येक भेटीची नोंद. मी चौथ्या महिन्यात भारतात आले, आई आजारी होती, एक भेट चुकली. परत एक पासून सुरू. सायकॉलॉजिस्टकडे पण जावं लागलं, ती विचारते तुम्ही दुःखात खाता का, मी म्हटलं मी आनंदात पण खाते, आम्ही मराठी आहोत. तरी पास केलं.

इथल्या ज्येष्ठांची जी सरकारी मेडिकेअर आहे तिथे बीएमआय ३५ आणि सोबत लठ्ठपणाशी जोडलेला एक आजार, आणि आधी औषधोपचाराने फायदा न झालेला, असं चालतं, चारच आजारांची यादी नाही. माझी बहीण इंग्लंडात असते, तिकडच्या सरकारी नियमावलीत तर स्पष्ट लिहिलंय की दक्षिण आशियाई वगैरे लोकांसाठी बीएमआयचा आकडा २.५ ने खाली धरा. म्हणजे लंडनमधे आपलं शरीर वेगळं आहे हे मान्य, आणि पुण्यात नाही. गंमत आहे की नाही.

पिंपरीकर ताई, माझ्या अनुभवावरून एकच, डाएटचे जेवढे जुने कागद असतील तेवढे शोधा. व्हॉट्सअॅपवर डाएटिशियनने पाठवलेले तक्ते असतील तरी प्रिंट काढा.

कडकलक्ष्मी

कोणी पुढच्या खर्चाबद्दल बोलतच नाहीये म्हणून लिहिते, माझ्या नणंदेचं बायपास (हार्टचं नाही, वजनाचंच, पोटाचं) झालंय ५ वर्षांपूर्वी. बी१२, आयर्न, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी कायमचं आणि प्रोटीन पावडर बरेच महिने. इन्शुरन्स ऑपरेशननंतरचे ६० किंवा ९० दिवस जे काय लिहिलं असेल तेवढंच देतो, तेही औषधं आणि तपासण्या, पावडरीचे डबे त्यांनी नाही दिले. आणि ४२ किलो उतरल्यावर पोटाची कातडी लोंबते, ती काढायचं ऑपरेशन कॉस्मेटिक म्हणून नाकारलं. नणंद म्हणते वजन गेलं पण साडीच्या निऱ्या अजून बसत नाहीत. बजेटमधे धरा म्हणून सांगितलं, घाबरवायला नाही.

पिंपरीकरीण

दीड महिन्याने अपडेट देतीये, उशीर झाला, सॉरी.

एचआरचा मेल आला. वेटिंग माफ आहे, बॅरिअॅट्रिक कव्हर आहे पण कॅप अडीच लाखाची, आणि अट तीच एक्सएल ०६ वाली. म्हणजे उरलेले १ लाख ७० हजार आमचे. मुलीच्या कोचिंगसाठी ठेवलेली एक एफडी आहे, त्यावर दोन रात्री चर्चा झाली, शेवटी मुलगीच म्हणाली आई मोड ती.

स्लीप स्टडी केली. घरी मशीन घेऊन एक मुलगा आला, नाकाला नळी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा, मी म्हटलं असं बांधून कोण झोपणार आहे, तर म्हणे मॅडम तुम्ही लगेच घोरायला लागाल. लागले असणार. एएचआय ४६. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मला नाही, नवऱ्याला विचारलं की इतके दिवस आणलं का नाही यांना. ऑपरेशन होईपर्यंत सीपॅपचं मशीन (झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवतं ते) भाड्याने घेतलंय, भूलतज्ज्ञांनी पण सांगितलं की ते वापरूनच या. आणि मंडळी, नवरा हॉलमधून परत खोलीत आलाय.

प्रीऑथ ८ दिवस आधी पाठवली. टेबलामागून यांनी सांगितलेली क्वेरी आलीच, ५० मिनिटांत. "शस्त्रक्रियेव्यतिरिक्त उपाय अयशस्वी झाल्याचे पुरावे." डाएटिशियनची फाईल घरात कुठेच सापडेना, शेवटी माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यात निघाली, ८ महिन्यांच्या वजनाच्या नोंदी, शेवटच्या पानावर तिने लाल पेनने "पेशंट येणे बंद" लिहिलंय. मला लाज वाटली ते लावायला. डेस्कवरचा मुलगा (तोच, मान वर न करणारा) म्हणाला मॅडम, हेच पान लावा, यात तारीख आहे. जिमची पावती, शुगरच्या डॉक्टरांचं ३ वर्षांचं प्रिस्क्रिप्शन, सगळं लावलं. परवा संध्याकाळी मंजुरी आली, अडीच लाख.

आणि हो, वजन तारीख-शिक्क्यासकट लिहून घेतलं. ९७.४ निघालं. काही न करता दीड किलो वाढले, तर ४ किलोचा प्लॅन काही अगदीच अशक्य नव्हता.

सोमवारपासून लिक्विड.

गिरगावचा_बाप्या

अभिनंदन ताई!! गच्चीची किल्ली हाताशी ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा

चांगलं झालं ताई. माझं वजन ८६ झालं परत. तो एएचआयवाला मशीन घेऊन नागपूरले येते का विचारजा.

टेबलामागून

मस्त. त्या मुलाला तुमचा धागा दाखवू का? नाही दाखवत.

एकच, डिस्चार्जच्या दिवशी सगळे घाईत असतात, तरी पूर्ण फाईलची झेरॉक्स, ओटी नोट्स आणि स्टेपलरचे (पोट कापून शिवायचं यंत्र) स्टिकर धरून, घेतल्याशिवाय निघू नका. फायनल बिलात जे कापलं जाईल त्याच्यापुढे कारण लिहिलेलं सेटलमेंट लेटर पण मागून घ्या. साडेसहा महिन्यांनी तुमची स्वतःची पॉलिसी मोकळी होईल, पुढे कधी काही लागलं तर पहिला प्रश्न हाच येणार की आधी काय काय झालंय.

आणि रिन्युअलला तुमच्या त्या पॉलिसीच्या कंपनीला हे ऑपरेशन कळवा. लपवू नका, तुम्ही लपवणाऱ्यातल्या नाही म्हणा.